उर्बानोला सहाच प्रश्न विचारले

उर्बानो फुर्तादो अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेत पास झाला. सहा प्रश्न, सहा उत्तरं, सहाही बरोबर, वेळ चार मिनिटं.

हे आता विसरून जाऊ. असं काही घडलंच नाही, असं धरून चालू. फॉल रिव्हर गावातल्या संत आमारो बँड क्लबात सगळे तसंच धरून चालतात आणि उर्बानो स्वतः तर त्यात सगळ्यांच्या पुढे आहे. कुणी अभिनंदनासाठी हात पुढे केला तर तो मान वळवून खिडकीबाहेर बघतो. खिडकीबाहेर पार्किंग आहे. त्यात बघण्यासारखं काही नाही.

तर, उर्बानो अजून नागरिक झालेला नाही. बावन्न वर्षांचा आहे. एकोणिसाव्या वर्षी अझोर्स बेटांवरून इथं आला आणि आल्या आठवड्यात पडद्याचं कापड विणणाऱ्या गिरणीत लागला, तो अजून तिथंच आहे. आता तो तपासनीस आहे. खाली दिवा लावलेल्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि उर्बानो बघत राहतो. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, काही सुटत नाही. तागा शंभर वारांचा असेल तर शंभरही वार बघायचे. थोडं कापड बघून बाकीच्यावर शिक्का मारणारा माणूस उर्बानोच्या मते तुरुंगात हवा, आणि तिथल्या चादरीही त्यालाच तपासायला लावायला हव्यात.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. झेंडा.

क्लबाची दरवर्षी जुलैत मिरवणूक निघते. चर्चपासून क्लबापर्यंत, मधे बँड, मागे संताची मूर्ती, आणि सगळ्यांच्या पुढे अमेरिकेचा झेंडा. हा झेंडा कुणी धरायचा याचा रिवाज ठरलेला आहे. त्या वर्षी क्लबातला जो सगळ्यात नवा नागरिक, तो धरतो. त्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा अडकवतात, पट्ट्याला पोटापाशी पितळी खोबण असते, खोबणीत काठी उभी राहते आणि दोन्ही बाजूंच्या फुटपाथवरून लोक टाळ्या वाजवतात. उर्बानो त्याच्या सहा पावलं मागे असायचा. तिथं क्लबाचा मखमली ध्वज असतो आणि त्याला दोन गोंडे. डावा गोंडा बावीस वर्षं उर्बानोच्या हातात होता. गोंडा धरणाऱ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही.

मग इतकी वर्षं त्यानं अर्ज का केला नाही? कारण त्याची तयारी पूर्ण झाली नव्हती. परीक्षेसाठी सरकारनं शंभर प्रश्न छापलेले आहेत. त्यातले अधिकारी जास्तीत जास्त दहा विचारतो आणि सहा बरोबर आले की माणूस पास. कुठले दहा, ते कुणालाच आधी कळत नाही. म्हणून उर्बानोनं शंभरही पाठ केले. मग उलटे पाठ केले. मग उत्तर ऐकून प्रश्न सांगण्याचा सराव केला. तोवर त्याच्या मागून आलेली माणसं अर्ज करून, पास होऊन, झेंडा घेऊन त्याच्या डोळ्यांसमोरून चालत गेली. एका वर्षी एका न्हाव्यानं झेंडा वस्तऱ्यासारखा तिरपा धरला. एका वर्षी दाताच्या दवाखान्यात फोन घेणारी मुलगी रस्ताभर च्युइंगम चघळत होती. उर्बानोनं मोजलं होतं. चर्चपासून क्लबापर्यंत सहाशे बारा वेळा.

अखेर त्यानं फॉर्म भरला. आणि त्याच आठवड्यात सिल्वेरियोनंही भरला.

सिल्वेरियो म्हणजे उर्बानोचा साडू. उर्बानोची बायको दिओलिंडा, तिची धाकटी बहीण फिलोमेना, तिचा हा नवरा. तो बेकरीची गाडी चालवतो, पहाटे दुकानांना पाव पोचवतो आणि मग उरलेला दिवस लोकांशी बोलत घालवतो. नागरिकत्वाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

"तू कशाला भरलास?" उर्बानोनं विचारलं.

"फिलोमेना म्हणाली, भावजी एकटेच जातायत, तू सोबत जा."

"ही काय डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे?"

"मलाही तेच वाटलं होतं," सिल्वेरियो म्हणाला. "पण म्हटलं, असो. गाडी माझी, तुझं पेट्रोल वाचेल."

दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता, वाचनालयाच्या तळघरात परीक्षेच्या तयारीचा क्लास असायचा. मिसेस डेलेनी नावाच्या निवृत्त शिक्षिका शिकवायच्या, फुकट, आणि वर बिस्किटं द्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी शंभर प्रश्नांची चाचणी घेतली. उर्बानोला शंभर मिळाले. सिल्वेरियोला चार, आणि त्यातला एक मिसेस डेलेनींनी त्याच्या नावाचं स्पेलिंग बरोबर होतं म्हणून दिला होता. बारा आठवड्यांनी शेवटची चाचणी झाली. उर्बानोला शंभर. सिल्वेरियोला एकेचाळीस.

मिसेस डेलेनींनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं, पर्समधून सोनेरी चांदण्यांचं पाकीट काढलं आणि एक मोठी चांदणी सिल्वेरियोच्या शर्टावर चिकटवली. सर्वांत जास्त प्रगती करणारा विद्यार्थी.

क्लास सुटल्यावर उर्बानो मागे थांबला.

"मिसेस डेलेनी, मला चांदणी नाही?"

"तुझी प्रगती झाली नाही ना, डिअर."

"शंभराच्या पुढे मी कुठं जाणार?"

"तेच तर," मिसेस डेलेनी हळहळून म्हणाल्या आणि त्याला एक जास्तीचं बिस्किट दिलं.

सिल्वेरियोनं ती चांदणी गाडीत, समोरच्या काचेखाली, मदर मेरीच्या शेजारी चिकटवली. घरी जाईपर्यंत उर्बानोला तीच दिसत होती. सिग्नलला लाल दिवा लागला की ती लाल व्हायची, हिरवा लागला की हिरवी. कुठल्याच रंगात ती त्याला आवडली नाही.

मुलाखतीचं पत्र दोघांना एकाच दिवसाचं आलं. दोघं पावाच्या गाडीतूनच गेले. उर्बानोनं लग्नातला कोट घातला होता. सिल्वेरियोच्या स्वेटरवर पीठ होतं.

"साडू," हायवेला लागल्यावर सिल्वेरियोनं विचारलं, "तो उंच टोपीवाला कोण रे?"

"लिंकन."

"आणि तो दुसरा, दातांचा त्रास असलेला?"

"वॉशिंग्टन. पहिला राष्ट्राध्यक्ष."

"बरं." सिल्वेरियोनं दोन ट्रक मागे टाकले. "दोघंही गेले ना आता?"

हा माणूस आज नापास होणार, याबद्दल उर्बानोला मनापासून वाईट वाटत होतं. इतकं वाईट वाटत होतं की ओठ दाबून धरावे लागत होते, नाहीतर हसू आलं असतं.

आधी उर्बानोला आत बोलावलं. अधिकारी बाई चष्म्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी शपथ घ्यायला लावली, फॉर्म चाळला, इंग्रजीत एक ओळ वाचून घेतली, एक लिहून घेतली. मग प्रश्न. अमेरिकेची राजधानी कुठली? पहिला राष्ट्राध्यक्ष कोण? स्वातंत्र्यदिन कधी? झेंड्यावर पन्नास तारे का? सिनेटर एकूण किती? उर्बानो धडाधड उत्तरं देत गेला. हे नुसतं अंग मोकळं करणं होतं. खरे प्रश्न पुढे होते. कनिष्ठ सभागृहात मतदान करणारे सदस्य चारशे पस्तीस. फ्रान्सकडून अठराशे तीन साली घेतला तो प्रदेश लुईझियाना. हे सगळं जिभेच्या टोकावर रांगेत उभं होतं.

"अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला कुठला महासागर आहे?" बाईंनी विचारलं.

उर्बानोला अपमान वाटला. त्याचा जन्म त्या महासागराच्या बरोबर मधोमध झाला होता.

"अटलांटिक."

"अभिनंदन, मिस्टर फुर्तादो." बाईंनी खूण केली आणि फाइल मिटली.

"पुढचा?" उर्बानो म्हणाला.

"पुढचा नाही. सहा बरोबर आले की आम्ही थांबतो."

"पण मला बाकीचेही येतात."

"माझी खात्री आहे."

"न विचारता खात्री कशी होईल?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बहुधा हा प्रश्न त्यांना याआधी कुणी विचारला नव्हता. "मिस्टर फुर्तादो, बाहेर लोक थांबलेत."

"एकच विचारा. घटनेत दुरुस्त्या किती, हा."

"मिस्टर फुर्तादो."

"सत्तावीस," उर्बानो म्हणाला. तोवर तो दाराबाहेर होता आणि दार बंद झालं होतं.

मग सिल्वेरियो आत गेला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. आतून हसण्याचा आवाज आला. आधी सिल्वेरियोचा, मग बाईंचा. पंचविसाव्या मिनिटाला दार उघडलं. बाई रुमालानं डोळे टिपत होत्या आणि सिल्वेरियोचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, मिस्टर रेझेंदेस, माझा दिवस तुम्ही चांगला केलात. उर्बानोनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. याच बाई होत्या. चष्माही तोच होता.

"पास!" सिल्वेरियो म्हणाला. "नऊ विचारले रे! बोटांवर मोजले मी. तुला किती?"

उर्बानो कोटाचं बटण लावत राहिला.

"अरे, तुला किती विचारले?"

"सहा."

"सहाच?" सिल्वेरियोचा चेहरा पडला. त्यानं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला आणि उर्बानोच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. मनाला लावून घेऊ नको. शेवटी पास तर केलं ना त्यांनी."

नऊ का विचारले, हे उर्बानोला लख्ख कळलं होतं. तीन चुकले होते. जो चुकतो त्याला जास्त विचारतात, हे सरळ गणित होतं. त्यानं ते गाडीत साडूला समजावून सांगितलं, कागदावर आकडे लिहून दाखवले. सिल्वेरियोनं सगळं ऐकून घेतलं.

"असेल," तो म्हणाला. "पण ज्याच्याशी बोलायला कंटाळा येतो त्याला कोण नऊ विचारेल?"

घरी दिओलिंडानं केक आणून ठेवला होता. वर कागदाचा छोटा झेंडा खोचलेला. "किती विचारले?" तिनं हसून विचारलं, आणि उर्बानो न जेवता खोलीत गेला.

महिन्याभरात शपथविधी झाला. तीनशे माणसं एका सभागृहात, सगळी उभी, सगळ्यांनी एकदम शपथ म्हटली. उर्बानो आणि सिल्वेरियो शेजारीशेजारी होते. म्हणजे दोघं एकाच क्षणी नागरिक झाले, आणि त्यामुळे क्लबावर असा प्रसंग आला जो आधी कधी आला नव्हता. सगळ्यात नवा नागरिक कोण?

सभा बोलावली गेली. क्लबाचे अध्यक्ष सेन्योर एव्हारिस्तो, वय एक्क्याऐंशी, एके काळी बँडमध्ये तुतारी वाजवायचे, आता दात नसल्यामुळे अध्यक्ष होते. साठ-सत्तर माणसं जमली. टेबलांवर चणे आणि बिअर होती.

"शपथेचा शेवटचा शब्द कुणी शेवटी म्हटला?" सेन्योर एव्हारिस्तोंनी विचारलं. "जो मागे राहिला, तो जास्त नवा."

"मी पाठ करून गेलो होतो," उर्बानो म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला कळलं की आपण घोडचूक केली.

"मी तर शेजारच्या बाईचं ऐकून ऐकून म्हणत होतो," सिल्वेरियो म्हणाला. "ती कोरियन होती. तिचं संपलं तेव्हा बाकीचे खुर्चीत बसायला लागले होते."

"याचा पुरावा नाही," सेन्योर एव्हारिस्तो विचार करून म्हणाले. "दुसरं काहीतरी हवं. सरकारनं कुणाला जास्त पारखून घेतलंय?"

"नऊ!" मागून फिलोमेना ओरडली. "माझ्या नवऱ्याला नऊ प्रश्न विचारले! भावजींना सहा!"

सभागृहात कुजबुज झाली. नऊ आणि सहा यांतला फरक सगळ्यांना चटकन कळला. उर्बानो उभा राहिला. त्यानं गणित पुन्हा मांडलं. सहा बरोबर आले की थांबतात. माझे सहाच्या सहा बरोबर, म्हणून सहा. याचे तीन चुकले, म्हणून नऊ.

"म्हणजे सरकार म्हणालं, हा तीन वेळा चुकला तरी आम्हाला हवा," पहिल्या रांगेतली म्हातारी विधवा, दोना एर्मेलिंडा, म्हणाली. "आणि तुला म्हणालं, बस, पुरे."

हशा झाला. उर्बानोचे कान तापले. त्याला वाटलं, आता एकच उपाय आहे. यांच्या डोळ्यांसमोर दाखवून देऊ. त्यानं कोटाच्या खिशातून प्रश्नांची चोपडी काढली, झिजून झिजून तिचे कोपरे गोल झाले होते.

"मी विचारतो, तो उत्तर देईल. तुम्ही सगळे ऐका. सिल्वेरियो, वसाहतीतले लोक इंग्रजांशी का लढले?"

सिल्वेरियो उभा राहिला, हातातली बिअर खाली ठेवली. "इंग्रजांकडे एकदा जेवून बघ."

सभागृह कोसळलं. कुणीतरी टेबलावर मूठ आपटली. जन्मात कुणी इंग्रजाकडे जेवलं नव्हतं, पण सगळ्यांना पटलं.

"कर!" उर्बानो ओरडला. "कर लादले म्हणून! आता सांग, अमेरिकेनं अठराशे तीन साली फ्रान्सकडून काय विकत घेतलं?"

"जे काही घेतलं असेल ते महाग पडलं असेल. फ्रेंच माणूस आहे तो."

"लुईझियाना! घटनेत किती वेळा दुरुस्ती झाली?"

"लागली तेवढ्या वेळा. माझ्या गाडीचंही तसंच आहे."

"सत्तावीस! राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघंही नसतील तर कारभार कोण बघतो?"

"जो घरी असेल तो."

आता माणसं हसून हसून खुर्चीवरून घसरत होती. दोना एर्मेलिंडा नाक शिंकरत म्हणाली, इतका चांगला नागरिक या क्लबात आजवर झाला नाही. उर्बानो चोपडी हातात धरून उभा होता. चारही उत्तरं चुकली होती. चारही. सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. आणि टाळ्या त्या माणसाला पडत होत्या. बावीस वर्षं रस्त्यावरून चालताना ज्या टाळ्या त्याच्या सहा पावलं पुढून जायच्या, तशाच या. पुन्हा त्याच्या अंगावरून पलीकडे गेल्या.

"सेन्योर एव्हारिस्तो," तो म्हणाला, "उत्तरं चूक आहेत."

"असं तू म्हणतोस. सरकारनं त्याला पास केलंय. तू सरकारच्या वर आहेस का?"

उर्बानोला याचं उत्तर पाठ होतं. शंभरातला बारावा प्रश्न, कायद्याचं राज्य म्हणजे काय. कायद्याच्या वर कुणीही नाही. तो खाली बसला.

सेन्योर एव्हारिस्तोंनी निकाल दिला. झेंडा सिल्वेरियोचा. उर्बानो नेहमीप्रमाणे डावा गोंडा धरेल. "तुझ्याकडे नऊपेक्षा जास्त प्रश्नांचा सरकारी कागद असेल तर घेऊन ये," ते उठता उठता म्हणाले. "मी निकाल फिरवीन. मी कुणाचा शत्रू नाही."

पार्किंगमध्ये सिल्वेरियोनं त्याला गाठलं. त्याच्या गळ्यात तो चामड्याचा पट्टा होता, लोकांनी मापासाठी घातलेला. पोट मोठं असल्यामुळे पितळी खोबण वर आभाळाकडे तोंड करून बसली होती.

"साडू, थांब ना. हे घे तू." तो पट्टा डोक्यावरून काढू लागला. कानात अडकला, मग निघाला. "मला काय करायचंय झेंडा? सकाळी मला पावही पोचवायचा असतो. वर खांदा दुखतो. तू धर. मी सांगतो त्यांना, खांदा दुखतो म्हणून."

उर्बानोनं पट्ट्याकडे पाहिलं. चामडं कितीतरी हातांनी गुळगुळीत झालेलं होतं. हात पुढे केला असता तर झालं असतं सगळं. जुलैत तो सगळ्यांच्या पुढे चालला असता, काठी सरळ, एका अंशाचाही तिरपेपणा नाही, आणि फुटपाथवरून टाळ्या पडल्या असत्या. आणि एक माणूस कायम सांगत फिरला असता, अरे, माझा खांदा दुखत होता म्हणून.

"तुझा खांदा दुखतो म्हणून मला नको," उर्बानो म्हणाला.

"मग कशामुळे हवा?"

"माझा आहे म्हणून हवा."

सिल्वेरियोला हे कळलं नाही, आणि कळलं नाही याचं त्याला वाईट वाटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो चांगला माणूस होता. उर्बानोला सगळ्यात जास्त तेच झोंबत होतं. तो थोडा जरी हलकट असता तर किती सोपं झालं असतं.

घरी दिओलिंडा कोबी चिरत होती. बहिणीचा फोन येऊन गेला होता, त्यामुळे तिला सगळं माहीत होतं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "आपल्या दोघांच्या घराण्यात आजवर कुणी नागरिक झालं नव्हतं. तू झालास. मी केक आणला होता, तू त्याला सुरी लावली नाहीस. शेवटी मी शेजाऱ्यांना दिला. ते म्हणाले, कशाबद्दल? मी काय सांगू त्यांना?"

"सांग, सहाबद्दल."

"सहा पुरतात, उर्बानो. सहाच मागितले होते त्यांनी."

उर्बानोनं टेबलावरचं कोबीचं पातेलं सरकवलं आणि कागद पुढे घेतला. त्याच्या डोक्यात घटनेची पहिली दुरुस्ती चालू होती. तिच्यात पाच हक्क आहेत. बोलायचा, धर्माचा, एकत्र जमायचा, छापायचा. आणि पाचवा, ज्याच्याबद्दल क्लासात कुणी कधी काही विचारत नसे. सरकारकडे अर्ज करून दाद मागायचा. दोनशेहून जास्त वर्षं हा हक्क तिथं त्याची वाट बघत बसला होता.

त्यानं आधी लिहिलं की, मला उरलेले सगळे प्रश्न विचारावेत. मग थांबला. हे चालणार नाही. सहा बरोबर आले की ते थांबतात आणि त्याचं प्रत्येक उत्तर बरोबरच येणार. कितीही वेळा परीक्षा दिली तरी त्याचे सहाच होणार. दहापर्यंत जायचा रस्ता एकच होता, चुकण्याचा, आणि त्या रस्त्यावरून तो जन्मात गेला नव्हता.

"दिओलिंडा," बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "घटनेत दुरुस्त्या किती?"

"मला काय माहीत?"

"म्हणून तर विचारतोय. काहीतरी सांग."

"नव्वद?"

"नव्वद," तो पुटपुटला आणि त्यानं तो आकडा लिहिला. लिहिताना चेहरा असा झाला की दिओलिंडानं सुरी खाली ठेवली आणि विचारलं, दात दुखतोय का. तो म्हणाला, नाही. मग त्यानं आणखी तीन विचारले. तिला एकही आलं नाही. ती उत्तरं त्यानं जशीच्या तशी उतरवून घेतली, दोनदा तपासली, आणि पत्र पक्कं केलं.

*

प्रति,
माननीय अधिकारी महोदया,
नागरिकत्व मुलाखत विभाग

विषय : अपुऱ्या राहिलेल्या परीक्षेतील प्रश्नांची संख्या सहावरून दहा करून मिळण्याबाबत.

महोदया,

मी खाली सही करणारा उर्बानो फुर्तादो, राहणार फॉल रिव्हर, राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार नम्रपणे अर्ज करतो की, आपण माझी मुलाखत घेतली तेव्हा मला नियमाप्रमाणे दहापर्यंत प्रश्न विचारण्याची तरतूद असूनही केवळ सहा विचारण्यात आले. सदर सहा उत्तरे बरोबर आली ही माझी चूक असून तिच्याबद्दल मी दिलगीर आहे.

तरी उर्वरित चार प्रश्न मला विचारण्यात यावेत. त्या चारही प्रश्नांची उत्तरे मी चुकीची देईन, अशी लेखी हमी याद्वारे देत आहे. चुकीची उत्तरे आगाऊ सोबत जोडली आहेत. ती माझ्या पत्नीने तपासून दिलेली असून त्यांत बरोबर असे काहीही आढळणार नाही. आढळल्यास ते उत्तर रद्द समजून मला आणखी एक प्रश्न विचारावा.

यामुळे माझे नागरिकत्व धोक्यात येत असल्यास ते काढून न घेता, फक्त मिरवणुकीच्या दिवसापुरते नवीन करून द्यावे, म्हणजे मी क्लबातील सर्वांत नवा नागरिक ठरेन. एकूण दहा प्रश्न विचारल्याचा कागद शिक्क्यासह जुलैच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊपूर्वी माझ्या हाती द्यावा, कारण मिरवणूक साडेनऊला निघते, आणि शक्य झाल्यास तो आणून देणाऱ्या अधिकाऱ्याने चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून, क्लबाचे अध्यक्ष सेन्योर एव्हारिस्तो यांना कमी ऐकू येत असल्यामुळे, 'दहा' हा आकडा दोनदा मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.